राबिनचा हिशोब : एक सेनापती, दोन करार आणि क्नेसेटमधली ६१ मतं

डोंगरवाट

इस्रायल-पॅलेस्टाइनवर इथे धागा निघाला की दुसऱ्या पानापर्यंत तो हमरीतुमरीवर येतो. म्हणून हा धागा मुद्दाम एकाच माणसापुरता ठेवतो आहे. यित्झाक राबिन, इस्रायलचा सरसेनापती आणि पुढे पंतप्रधान.

राबिन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १३ सप्टेंबर १९९३ चं, पॅलेस्टिनींशी झालेल्या ओस्लो कराराच्या वेळचं ते छायाचित्र येतं. व्हाइट हाउसची हिरवळ, मधे दोन्ही हात पसरून उभा क्लिंटन, एका बाजूला हसतमुख पॅलेस्टिनी नेता अराफत आणि दुसऱ्या बाजूला कसाबसा हात पुढे करणारा राबिन. त्याचं ते अवघडलेपण मला फार मोलाचं वाटतं. अराफतबद्दल त्याला माया वाटू लागली होती, असं अजिबात नाही. उभं आयुष्य लढाईत गेलेल्या माणसाने हिशोब मांडला, उत्तर आलं ते त्याला आवडलं नाही, तरी त्याने ते खोडून टाकलं नाही. शत्रूशी समेट करणाऱ्या नेत्यांमध्ये मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो यासाठी.

जन्म १ मार्च १९२२, जेरुसलेम. आईवडील कामगार चळवळीतले. मुलाला सिंचनाचं शास्त्र शिकायचं होतं, अमेरिकेत बर्कलीला जाण्याचं मनात होतं. त्याऐवजी १९४१ मध्ये तो ‘पालमाख’ या भूमिगत सैनिकी दलात गेला आणि पुढची २७ वर्षं गणवेशातच राहिला. १९४८ च्या युद्धात वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याच्याकडे हारेल ब्रिगेड होती. वेढ्यातल्या जेरुसलेमकडे जाणारा रस्ता खुला ठेवण्याचं काम या ब्रिगेडचं. तिथे त्याची पोरं फार मोठ्या संख्येने गेली. अपुऱ्या तयारीने लढायला लावलं म्हणून ती गेली, ही सल त्याने जन्मभर बाळगली.

१९६४ मध्ये तो सरसेनापती झाला. जून १९६७ मध्ये सहा दिवसांत सिनाई, गाझा, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या इस्रायलच्या हातात आल्या, ते त्याने उभ्या केलेल्या सैन्याच्या जोरावर. मात्र युद्धाआधी, मे महिन्यात, हा माणूस ताणाने कोसळला होता आणि एक-दीड दिवस कामावर नव्हता. विजयानंतर २८ जूनला हिब्रू विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली. देश जल्लोषात होता, आणि हा भाषणात सांगत होता की आपल्या सैनिकांचा आनंद पुरा नाही. सोबती डोळ्यांदेखत गेले, आणि शत्रूने मोजलेली किंमतही त्यांनी पाहिली आहे. जिंकलेल्या सेनापतीने त्या आठवड्यात असं बोलावं, हे मला आजही थक्क करतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९६८ ते ७३ वॉशिंग्टनमध्ये राजदूत. १९७४ मध्ये पंतप्रधान, त्या भूमीत जन्मलेला पहिलाच. १९७५ मध्ये अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री किसिंजर याच्या मध्यस्थीने इजिप्तशी सिनाईचा दुसरा अंतरिम करार. पुढे इजिप्तशी झालेल्या कॅम्प डेव्हिड कराराचं श्रेय नंतरचा पंतप्रधान बेगिन याला मिळालं आणि ते योग्यच, पण त्याआधीची ही पायरी लोक विसरतात. १९७६ मध्ये युगांडातल्या एंटेबी विमानतळावरून ओलिसांची सुटका. १९७७ मध्ये पत्नीचं अमेरिकेतलं डॉलरचं बँक खातं उघडकीला आलं. तेव्हाच्या इस्रायली कायद्यात असं खातं ठेवायला बंदी होती. खटला एकट्या पत्नीवर आणि आपण दंड भरून मोकळे, ही सोय त्याला पटली नाही. त्याने उमेदवारी सोडली. मेमध्ये बेगिन निवडून आला.

आता खरा भाग. १९८४ ते ९० तो संरक्षणमंत्री होता. डिसेंबर १९८७ मध्ये इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला तेव्हा तो चिरडण्याचे आदेश याचेच. त्या काळात त्याला उमगलं की दगड मारणाऱ्या पोरांविरुद्ध सैन्य उतरवून प्रदेश ताब्यात ठेवता येईल, पण लोक हाताखाली ठेवता येणार नाहीत. मग १९९१ चं आखाती युद्ध आलं. इराकची ३९ स्कड क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडली आणि तेल अवीवमधले लोक गॅसचे मुखवटे लावून बंद खोल्यांत बसले. नुसती जमीन ताब्यात असल्याने सुरक्षितता येत नाही, हे सैनिकी सत्य राबिनला दिसलं. तिकडे सोव्हिएत संघ कोसळला होता. सद्दामची बाजू घेतल्याने आखाती देशांनी अराफतचा पैसा तोडला होता. इराण डोकं वर काढत होता. शेजाऱ्यांशी मिटवायचं तर आत्ताच, पुढे ही संधी राहणार नाही, असा हा हिशोब होता.

२३ जून १९९२ च्या निवडणुकीत त्याच्या मजूर पक्षाला ४४ जागा मिळाल्या, उजव्या लिकुडला ३२. आणि तिथून पुढे ४० महिन्यांत त्याने जे केलं त्यावर आपण बोलू या.

एक विनंती. ‘तुमचं ते तर आमचं हे’ टाळा. माणसाबद्दल बोला.

कोर्लई

डोंगरवाट, चांगला धागा. पण १९४८ वर तुम्ही फार लवकर पुढे गेलात, म्हणून लिहिते.

त्याच वर्षी जुलैमध्ये लिद्दा आणि रामले ही दोन अरब गावं इस्रायली सैन्याने घेतली. लिद्दाच्या रहिवाशांना ‘वयाचा विचार न करता’ त्वरित हाकलून द्यावं, या आदेशाखाली सही आहे यित्झाक राबिनची. ५० ते ७० हजार माणसं, ऐन उन्हाळ्यात, बहुतेक पायी, रामल्लाच्या दिशेने निघाली. म्हातारे, लेकुरवाळ्या. तहानेने वाटेत किती तरी जण दगावले. राबिनने १९७९ मध्ये आपल्या आठवणींत हे लिहिलं होतं. इस्रायली सेन्सॉरने तो मजकूर कापला, आणि मग तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आला.

आता हे मी का सांगते आहे? मी अलिबागच्या बाजूची. आमच्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, गावात ज्यांना शनिवार तेली म्हणत, पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद इथे राहिले. आणि लोद-रामला इथे. लोद म्हणजे तेच लिद्दा. जिथून ते लोक निघाले, तिथेच पुढे आपल्या कोकणातली माणसं राहायला गेली. मराठी बोलणारी, मलिदा करणारी, एलियाहू हनावी या प्रेषिताचा नवस फेडणारी. त्यांचा यात काही दोष नाही. त्यांना तर तिथे वेगळाच त्रास झाला. तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, लग्नं अडवली, आणि १९६४ मध्ये त्यांना जेरुसलेममध्ये धरणं धरून बसावं लागलं.

पण राबिनची शांतता समजून घ्यायची तर लोदपासून सुरुवात करावी लागते, असं मला ठामपणे वाटतं. समोरचा माणूस काय गमावून बसला आहे हे ज्याला आदेशावर सही केल्यापासून ठाऊक होतं, तो १९९३ मध्ये टेबलावर बसला.

निशिगंध

कोर्लईताई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवेना.

मला मात्र राबिनला शांततेचा नेता म्हणताना अडखळायला होतं. इंतिफादाच्या वेळी ‘बळ, सत्ता आणि मार’ हे धोरण त्याने जाहीरपणे सांगितलं. हाडं मोडा असं आपण म्हटल्याचं त्याने नाकारलं, पण सैनिकांनी हाडं मोडली आणि ते चित्रीकरण जगाने बघितलं. डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे शांततेचा पंतप्रधान असताना, त्याने हमास आणि इस्लामिक जिहादच्या ४१५ जणांना उचलून लेबनॉनच्या बर्फाळ डोंगरात नेऊन सोडलं.

आणि हेब्रॉन. २५ फेब्रुवारी १९९४, रमजानचा महिना, पहाटेची नमाज. बारूख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतीतल्या डॉक्टरने इब्राहिमी मशिदीत गोळीबार करून २९ जणांना मारलं. राबिन संसदेत त्या खुन्याबद्दल फार कठोर बोलला, त्याचा आपल्याशी संबंध नाही असं म्हणाला. त्या वेळी हेब्रॉनमधले मूठभर वसाहतवाले हलवायचा विचार सरकारात झाला होता. खुद्द इस्रायली जनमत हादरलेलं होतं. त्याने ते केलं नाही. उलट संचारबंदी लागली ती हेब्रॉनच्या पॅलेस्टिनींवर. ही संधी त्याने घालवली आणि ती परत आली नाही. त्याच्या काळात वेस्ट बँकमधल्या वसाहतींची लोकसंख्याही वाढतच राहिली.

हिशोब म्हणता ना? मग हिशोबाची ही बाजूही लिहा.

तटबंदी

निशिगंध, हेब्रॉनबद्दल सहमत. पण तेल अवीवच्या बसमध्ये बसणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

हेब्रॉननंतर ४० दिवसांनी अफुलाला बसजवळ गाडी उडवली, ८ ठार. आठवड्याने हदेरा. १९ ऑक्टोबर १९९४ ला तेल अवीवच्या डिझेंगॉफ रस्त्यावर ५ नंबरची बस, २२ ठार. जानेवारी १९९५ मध्ये बेत लीदच्या थांब्यावर सुट्टी संपवून परतणारे सैनिक, तिथेही २० हून जास्त. आणि ज्याच्याशी करार केला तो अराफत मे १९९४ मध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीत जेरुसलेमसाठी जिहादची भाषा करतो, ओस्लोची तुलना पैगंबरांच्या काळातल्या हुदैबियाच्या तात्पुरत्या तहाशी करतो. सामान्य इस्रायली माणसाने यातून काय समजायचं?

राबिन यांनी अशा वेळी एक सूत्र धरलं होतं. शांततेची बोलणी चालूच नाहीत असं समजून दहशतवादाशी लढायचं, आणि दहशतवाद नाहीच असं समजून बोलणी करायची. ऐकायला उत्तम. पण रोज प्रेतं मोजणाऱ्या समाजाला पंतप्रधानाने जवळ घ्यावं लागतं, समजवावं लागतं. राबिन यांना ते जमत नव्हतं. निदर्शनं करणाऱ्यांना उद्देशून पंख्यासारखे गरगरत बसा, अशा अर्थाचं ते बोलले. ज्यांची घरं जाण्याची भीती होती त्या लोकांना असं बोलायचं नसतं.

आणि त्या मतांबद्दलही लिहा, डोंगरवाट. शीर्षकात ६१ घातलंत आणि लेखात विषयच नाही.

डोंगरवाट

तटबंदी, बरोबर आहे, तो भाग प्रतिसादात लिहायचा म्हणून ठेवला होता.

क्नेसेट म्हणजे इस्रायलची संसद, तिच्यात १२० जागा. १९९२ ला मजूर ४४, डावा मेरेत्झ १२ आणि शास हा धार्मिक पक्ष ६, असे ६२ झाले. हदाश आणि अरब लोकशाही पक्ष या दोघांचे ५ खासदार बाहेरून पाठिंब्याला. सप्टेंबर १९९३ मध्ये शास सरकारातून बाहेर पडला. उरले ५६ अधिक ५, म्हणजे ६१. पहिला ओस्लो करार क्नेसेटमध्ये ६१ विरुद्ध ५० ने मंजूर झाला, काही तटस्थ राहिले. दुसरा, ऑक्टोबर १९९५ मध्ये, ६१ विरुद्ध ५९.

विरोधकांचा आरोप होता की अरब खासदार वगळले तर याच्यामागे बहुमतच नाही. मला हा आरोप मनापासून चीड आणणारा वाटतो. नागरिक म्हणून कर घ्यायचा आणि मत मोजताना धर्म बघायचा? राबिनने या खासदारांच्या जोरावर सरकार चालवलं. अरब कुटुंबांना मुलांसाठी मिळणारा भत्ता ज्यू कुटुंबांपेक्षा कमी होता, ती तफावत मिटवायला याच सरकारने सुरुवात केली. इस्रायलच्या अरब नागरिकांना सरकार आपलं वाटलं असे दिवस तिथे फार थोडे आले, त्यातले हे.

मात्र दुसऱ्या कराराच्या वेळची गोष्ट मला खटकते. त्सोमेत हा कडवा उजवा पक्ष. त्यातून फुटलेल्यांपैकी गोनेन सेगेव्ह ऊर्जामंत्री झाला आणि अ‍ॅलेक्स गोल्डफार्ब उपमंत्री. मजूर पक्षातली दोन मतं तेव्हा विरोधात गेली, म्हणून या दोन मतांवर ६१ चा आकडा उभा राहिला. उपमंत्र्याच्या सरकारी मोटारीवरून तिथे किती वर्षं टोमणे चालले होते! आपल्याकडे खोकी म्हणतात तसं. दोन समाजांच्या पिढ्यांचं भवितव्य ठरवणारा करार घोडेबाजाराच्या आरोपाखाली मंजूर व्हावा, हे वाईट झालं. कायद्याने तो पुरता वैध होता. पण ज्यांना तो नको होता त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटायला निमित्त मिळालं.

निशिगंध, हेब्रॉनचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. वसाहतवाल्यांशी घरात भांडण काढायचं ते शेवटच्या करारात, आत्ता नाही, असा त्याचा विचार होता. शेवटचा करार बघायला तो उरलाच नाही.

पाणंद

सगळे पॅलेस्टाइनवरच बोलताय. जॉर्डन कोणी घेणार की नाही?

२६ ऑक्टोबर १९९४, अराबाच्या वाळवंटात, सीमेवरच मांडव घालून झालेला तो करार आज तीन दशकांनंतरही टिकून आहे. राबिन आणि जॉर्डनचे राजे हुसेन यांच्या गुप्त भेटी सत्तरच्या दशकापासून चालू होत्या. दोघं सैनिक, दोघं एकामागून एक सिगारेट ओढणारे. अराफतबरोबर जे कधीच जमलं नाही, ते इथे सहज जमलं.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आहे, त्यामुळे मला त्या करारातलं पाण्याचं कलम महत्त्वाचं वाटतं. जॉर्डन आणि यार्मूक नद्यांच्या पाण्याचं वाटप ठरलं, साठवण आणि जादा पाणी ठरलं, कोणत्या ऋतूत किती सोडायचं हे जोडपत्रात आलं. बाकुरा आणि घुमर इथली जमीन जॉर्डनच्या हद्दीतली, पण इस्रायली शेतकरी ती कसत होते. जॉर्डनचं सार्वभौमत्व मान्य करून २५ वर्षं वापरायला द्यायचं ठरलं. मुदत संपली, जॉर्डनने नूतनीकरण नाकारलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये जमीन परत घेतली. एक गोळी चालली नाही. कागदावर नीट लिहिलेलं असलं की असं होतं. कृष्णेच्या लवादाच्या बैठका ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हे किती अवघड असतं ते कळेल.

सिंचन शिकायचं राहून गेलेल्या माणसाच्या हातून हे झालं, याचा मला फार आनंद वाटतो.

ओस्लोत नेमकं हेच नव्हतं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा, सगळे अवघड प्रश्न पाच वर्षांनी बघू म्हणून पुढे ढकलले. मधल्या काळात करार मोडायला दोन्हीकडच्या अतिरेक्यांना मोकळं रान मिळालं.

मृण्मयी

पाणंदकाका, सुरेख प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर, पण संबंध आहे. भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले ते २९ जानेवारी १९९२ ला, नरसिंह राव पंतप्रधान असताना. मुंबईत इस्रायलच्या वकिलात कचेरीचा कारभार पन्नासच्या दशकापासून होता, पण दिल्लीत दूतावास नव्हता. मे १९९३ मध्ये परराष्ट्रमंत्री शिमॉन पेरेस दिल्लीला येऊन गेले. चारच महिन्यांनी ओस्लो करार झाला आणि आपली मोठी अडचण सुटली. अराफतशी जुनी मैत्री, १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला दिलेली मान्यता, आणि इस्रायलशी नवे संबंध, हे तिन्ही एकत्र सांभाळता येईल असा तो काळ होता.

एक प्रश्न. राबिन आणि पेरेस यांचं हाडवैर होतं ना? मग एकत्र कसं जमलं?

डोंगरवाट

मृण्मयी, वैर खरंच होतं, आणि जुनं. १९७४ च्या पक्षांतर्गत लढतीपासूनचं. राबिनने तर पेरेसला कधीही न थकणारा कारस्थानी म्हणून छापून ठेवलं होतं. पण ओस्लोची बोलणी सुरू झाली ती राबिनच्या नकळत, दोन इस्रायली प्राध्यापक आणि पीएलओ या अराफतच्या संघटनेचा अहमद कुरेई यांच्यात, नॉर्वेच्या आश्रयाने. पेरेसच्या गटातून ती वर आली. राबिनने ती फेकून दिली असती तर कोणाला कळलंही नसतं. त्याने आधी शंका घेतली, मग तपासून पाहिली, मग एक कायदेतज्ज्ञ पाठवून मसुदा घासूनपुसून घेतला. पेरेसकडे कल्पना होती, पण इस्रायली मतदाराचा विश्वास राबिनवर होता, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. न आवडणाऱ्या माणसाबरोबर काम करायची सवय त्याला घरातच लागली, मग अराफत.

कोर्लई

खुनाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

१९९५ च्या उन्हाळ्यापासून सभांमध्ये राबिनला देशद्रोही, खुनी म्हणत होते. ५ ऑक्टोबरला जेरुसलेमच्या झायन चौकातल्या सभेत त्याला नाझी गणवेशात दाखवणारी चित्रं फिरली. काही कट्टर रब्बींमध्ये चर्चा चालली होती की ज्यूंची भूमी परक्यांना देणारा माणूस धर्मशास्त्राप्रमाणे मारायला पात्र ठरतो का. व्यासपीठावरच्या मोठ्या नेत्यांनी तेव्हा ठणकावून थांबायला सांगायला हवं होतं. ते पुरेसं झालं नाही, आणि मी हे क्षमा करण्यासारखं मानत नाही.

४ नोव्हेंबरला तेल अवीवच्या चौकात लाखभर लोक शांततेसाठी जमले होते. राबिन तिथे म्हणाला की मी २७ वर्षं सैनिक होतो, शांततेची शक्यता नव्हती तोवर लढलो, आता ती आहे. रात्री साडेनऊच्या सुमाराला गाडीकडे जाताना यिगाल अमीर या कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठीत गोळ्या घातल्या. ज्यू माणसाने. सुरक्षा यंत्रणेचं सगळं लक्ष अरब हल्लेखोरावर होतं, आणि चिलखती जाकीट घालायला राबिन तयार नसायचा. आपल्याच माणसांच्या सभेला चिलखत घालून जायचं हे त्याला पटत नव्हतं.

अंत्यविधीला राजे हुसेन आले होते. १९६७ मध्ये याच माणसाच्या सैन्याने त्यांच्याकडून पूर्व जेरुसलेम घेतलं होतं.

तटबंदी

कोर्लई, यावर वाद नाही.

पण ‘राबिन असते तर’ हे वाक्य मात्र मला पटत नाही. असते तरी १९९६ च्या निवडणुकीत हरले असते, असं मला वाटतं. बसमधल्या स्फोटांनी लोक विटले होते.

डोंगरवाट

तटबंदी, हरला असता की जिंकला असता हे सांगता येणार नाही. पण खुनानंतर पेरेस आघाडीवर होता, आणि १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेम आणि तेल अवीवमध्ये लागोपाठ स्फोट झाल्यावर ती आघाडी वितळली. मे महिन्यात लिकुडच्या नेतन्याहूने त्याला साधारण ३० हजार मतांनी हरवलं, एक टक्क्याहून कमी फरकाने. स्फोटांनंतरही लष्करी पार्श्वभूमी असलेला राबिन ती ३० हजार मतं राखू शकला असता का? मला वाटतं, शकला असता. स्फोटानंतर टीव्हीवर येऊन जो बोलेल त्याच्यावर लोकांचा किती विश्वास आहे, यावरच ते ठरणार होतं, आणि राबिनच्या बाबतीत तो विश्वास १९६७ पासूनचा होता.

मात्र तो जिंकला असता तर पूर्ण पॅलेस्टिनी राष्ट्र झालं असतं, असं समजू नका. ५ ऑक्टोबर १९९५ चं त्याचं क्नेसेटमधलं शेवटचं मोठं भाषण मिळवून वाचा. राष्ट्रापेक्षा कमी दर्जाचं स्वशासन, १९६७ च्या सीमांवर परत जाणं नाही, जेरुसलेम एकसंध इस्रायलकडे, जॉर्डन खोऱ्यात संरक्षणाची सीमा. अराफतने हे कधी स्वीकारलं असतं असं मला वाटत नाही. पण १९९२ मध्ये याच माणसाने पीएलओशी बोलणार नाही असं सांगितलं होतं आणि पुढच्याच वर्षी तो बोलला. त्यामुळे भाषणातला कुठला मुद्दा पक्का आणि कुठला घासाघीस करायला ठेवलेला, हे ओळखणं अवघड आहे. गोलान परत करण्याबद्दल १९९३ मध्ये त्याने अमेरिकेमार्फत सीरियाला जे सशर्त सुचवलं होतं, ते तर त्याच्या मंत्रिमंडळातही फार थोड्यांना माहीत होतं.

वेस्ट बँकचे अ, ब आणि क विभाग कसे पडले, त्यात पाणी कोणाकडे राहिलं, यावर पाणंदकाकांनी लिहावं अशी माझी विनंती. तो विषय त्यांच्या हातचा आहे.

पाणंद

लिहितो. रविवारपर्यंत वेळ द्या, नकाशे नीट बघून घेतो. क विभाग म्हणजे वेस्ट बँकची सुमारे ६० टक्के जमीन, तिथूनच सुरुवात करावी लागेल.